नळाची घंटा: प्रकल्प नोंदी

१९ जानेवारी

आमच्या गल्लीत नळाला पाणी चार-पाच दिवसांआड येतं. दिवस साधारण कळतो, वेळ कळत नाही. कधी रात्री साडेअकरा, कधी पहाटे साडेतीन, कधी वाट बघून बघून दुसरा दिवस उजाडतो. सध्याची व्यवस्था सासूबाईंची आहे. तोटी उघडी ठेवायची आणि खाली तेलाचा रिकामा पत्र्याचा डबा. धार पडली की डबा वाजतो, डबा वाजला की आई उठतात आणि आई उठल्या की घरात कोणाची झोपायची टाप नाही. पहिलं गढूळ पाणी जाऊ द्यायचं, मग पिण्याचं भरायचं, मग तोटीला पाइप लावून हौदात सोडायचं. पाइप आधीच हौदात टाकून झोपावं म्हटलं तर तो गढूळ लोंढा सगळा हौदात जातो, म्हणून कोणीतरी उठायलाच लागतं.

थंडीत हे उत्तम चालतं. मार्चात कूलर लागला की डब्याचा आवाज खोलीपर्यंत पोचत नाही. तेव्हा मुदत ठरलेली आहे: पहिला कूलर लागायच्या आत घंटा वाजली पाहिजे.

दुसरा भाग गच्चीवरच्या टाकीची पातळी आणि मोटर. तो सावकाश.

मेंदू म्हणून ईएसपी८२६६, वायफाय असलेलं छोटं बोर्ड. नुसत्या घंटेला एवढं लागत नाही हे मला माहीत आहे, पण पाणी कधी आलं आणि कधी गेलं याची तारीखवार नोंद मला हवी आहे. घरचं वायफाय पकडून वेळ इंटरनेटवरून घ्यायची आणि नोंद लिहून ठेवायची, एवढं हे बोर्ड आरामात करतं.

२५ जानेवारी

पार्सल आलं. बोर्ड रुंद जातीचं निघालं. ब्रेडबोर्डवर (सोल्डर न करता वायरी खुपसायची भोकांची पाटी) बसवलं की दोन्ही बाजूंची सगळी भोकं झाकून टाकतं, वायर खुपसायला जागा नाही. दोन ब्रेडबोर्ड शेजारी ठेवून मधे बसवलं.

संगणकाला बोर्ड दिसेना. ड्रायव्हर टाकला, काढला, पुन्हा टाकला. शेवटी पोरानं टॅबची केबल आणून लावली आणि लगेच दिसलं. आधीची केबल नुसती चार्जिंगची होती, आत डेटाच्या तारा नाहीतच. अशा केबली बाहेरून ओळखू येत नाहीत. ती कापून टाकली, ५ व्होल्टच्या कामाला तिची लाल-काळी जोडी उपयोगी पडेल.

८ फेब्रुवारी

पाणी आलं हे ओळखायला वायएफ-एस२०१ हा प्रवाहमापक घेतला आहे. आत छोटी चक्री, तिच्यात चुंबक, बाहेर चुंबक ओळखणारा हॉल सेन्सर. मिनिटाला जितके लिटर त्याच्या साडेसातपट हर्ट्झ, म्हणजे लिटरमागे ४५० ठोके. मोरीत बसवून दहा लिटरची बादली भरली, सव्वाचार हजारांच्या आसपास ठोके आले. कंपनीचा आकडा ४५००. एवढ्या स्वस्त वस्तूकडून मला याहून जास्त अपेक्षा नव्हती.

बोर्ड ३.३ व्होल्टचं, सेन्सर ५ व्होल्टचा. मधे व्होल्ट कमी करणारा दोन रेझिस्टरचा विभाजक घातला. काही जण थेट जोडतात आणि चालतं म्हणतात. चालतं, जोवर चालतं तोवर.

१४ फेब्रुवारी

काल संध्याकाळी नळावर बसवलं. रात्री दोनच्या सुमारास घंटा वाजली. काय आनंद! सगळे उठले, घागरी आल्या, पिंप आलं, पोरगा झोपेतच बादली घेऊन उभा. तोटीतून पाण्याचा थेंब नाही. नुसता वारा. फुस्स, थांबतं, पुन्हा फुस्स, आणि चक्री आतल्या आत गरगर फिरतेय. बराच वेळ हा प्रकार चालला. मग दोन-चार गुळण्या तांबड्या पाण्याच्या, आणि मग कुठे धार.

आई पायरीवर बसून म्हणाल्या, "वारा आला म्हणून उठवायचं असेल तर खिडकी उघडी ठेवते की मी."

१६ फेब्रुवारी

मधल्या दिवसांत जलवाहिनी रिकामी होते आणि तिच्यात हवा भरते. चावी सोडली की पाणी त्या हवेला पुढे ढकलत येतं, आणि हवेचा वेग पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. चक्रीला काय फिरवतंय याच्याशी तिला देणंघेणं नाही. पाण्याचे मीटरसुद्धा अशाच हवेवर फिरतात, तेव्हा माझ्या चक्रीचं काय घेऊन बसायचं.

मोरीतल्या नळाला गच्चीवरच्या टाकीचं पाणी येतं, त्या नळीत हवा कधी नसतेच. टेबलावर चालणं आणि नळावर चालणं यांच्यात हे एवढं अंतर आहे, आणि सर्किटचा नकाशा कितीही नीट काढला तरी त्यात ते दिसत नाही. पुढचं काम जागेवर बसून करायचं.

२ मार्च

दुसरा उपाय: तोटीच्या तोंडाशी दोन तारा, पाणी आलं की त्यांच्यातून विद्युतप्रवाह जातो. तांब्याच्या तारा लावल्या होत्या. दोन पाळ्यांतच एक तार हिरवी पडून खंगली. सतत डीसी दिला की पाण्यातून विद्युत अपघटन होतं आणि धन बाजूची तार झिजत जाते. तांब्याचा अंश पिण्याच्या पाण्यात, हे तर मुळीच नको.

मग स्टेनलेसच्या काड्या, आणि प्रवाह फक्त वाचायच्या वेळी, काही मिलिसेकंदांपुरता, दर वेळी उलटसुलट दिशेनं. झीज थांबली. पण दोन काड्यांच्या मधे एक थेंब लटकून राहतो. पाणी जाऊन तास झाला तरी बोर्डाच्या हिशेबानं पाणी आहेच. काड्या लांब केल्या, तिरप्या केल्या, थेंब हटेना.

आई भाजी निवडत हे सगळं बघत होत्या. म्हणाल्या, "माझा डबा हाये तिथंच हाये. त्यात काय बसवायचंय ते बसव."

आणि खरंच, वारा डबा भरू शकत नाही.

२२ मार्च

डबा आता यंत्राचा भाग. तळाशी भोक, आत तरंगता स्विच: पोकळ प्लास्टिकची कडी, तिच्यात चुंबक, मधल्या दांडीत रीड स्विच, चुंबक जवळ आला की जोडला जाणारा. पाणी आलं की डबा भरतो, कडी वर जाते, घंटा. पाणी गेलं की डबा भोकातून रिकामा होतो, कडी खाली येते, "पाणी गेलं" अशी नोंद.

सगळी गंमत भोकाच्या मापात. मोठं पाडलं तर बारीक धारेला डबा भरतच नाही, आणि आमच्याकडे सुरुवातीची धार करंगळीएवढीच असते. लहान पाडलं तर निचरा व्हायला अर्धी रात्र. हिशेब केला: ३ मिमीचं भोक आणि वर १० सेंमी पाणी असेल तर वेग सेकंदाला १.४ मीटर, कडेला धार आकसते तेवढं वजा केलं की मिनिटाला लिटरच्या एक तृतीयांशाहून थोडं जास्त. करंगळीएवढी धार याला सहज हरवते. दोन लिटरचा डबा दहा-बारा मिनिटांत रिकामा. तेलाचा मोठा डबा सोडून स्वयंपाकघरातला शेंगाचटणीचा स्टीलचा डबा उचलला. चटणी सध्या काचेच्या बरणीत आहे आणि त्यावरून दोन दिवस बोलणी खाल्ली.

प्रवाहमापक काढला नाही. चक्री फिरली की तो नुसती नोंद करतो, "हवा सुरू". डबा भरला की घंटा. हवा आणि पाणी यांच्यात किती वेळ जातो हे आता आपोआप लिहिलं जाईल. हे मला हवंच होतं.

२६ मार्च

कूलर लागला. रात्री एकनंतर पाणी आलं, घंटा वाजली, सगळे उठले, पाणी होतं. नवरा म्हणाला, "आवाज जरा कमी कर." म्हणजे काम झालं.

५ एप्रिल

घंटा भरदुपारी वाजायला लागली. डबा ठणठणीत कोरडा.

वही काढून वेळा लिहिल्या. वाजण्याची वेळ आणि हौदाची मोटर बंद करण्याची वेळ एकच. डब्यापासून स्वयंपाकघरातल्या बोर्डापर्यंत वायर बारा मीटर आणि अर्धा रस्ता ती मोटरच्या वायरीला चिकटून जाते. मोटर तोडताना जो झटका बसतो तो शेजारच्या बारीक वायरीत उतरतो. स्विच उघडा असताना वायरीला ठरलेल्या व्होल्टवर धरून ठेवणारा बोर्डाच्या आतला पुल-अप रेझिस्टर तर इतका दुबळा की एवढ्या लांब वायरीला त्याचा काही धाक नाही.

वायरीतले झटके पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप माझ्याकडे नाही. सासऱ्यांचा जुना ट्रान्झिस्टर काढला, मध्यम लहरींवर दोन स्टेशनांच्या मधे रिकाम्या जागी लावला आणि वायरीच्या कडेकडेनं फिरवला. मोटरचं बटण दाबलं की कड्ड. मोटरच्या वायरीजवळ मोठा कड्ड, जिन्याजवळ बारीक. एक खरखर मात्र आमची मोटर बंद असतानाही सतत येत होती, मागच्या भिंतीजवळ जास्त. मागच्या गल्लीत यंत्रमाग आहेत. सोलापुरात चादर-टॉवेलच्या मागांचा खडखडाट कानाला कळेनासा होतो, पण रेडिओला कळतो.

उपाय असे केले: वायर वेगळ्या वाटेनं नेली, नेटवर्कची पिळलेली जोडी वापरली, बोर्डाच्या तोंडाशी पीसी८१७ ऑप्टोकपलर बसवला म्हणजे बाहेरची वायर आणि बोर्ड यांचा थेट संबंधच तुटला. शिवाय प्रोग्रॅममध्ये अट: स्विच सलग दहा सेकंद जोडलेला राहिला तरच पाणी समजायचं. खरं सांगायचं तर ही शेवटची फुकटची अट एकटीच पुरली असती. पण वायरीतला गोंधळ प्रोग्रॅमवर सोडून देणं मला पटत नाही.

२० एप्रिल

गच्चीचं काम सुरू. टाकीच्या झाकणाला आवाजानं अंतर मोजणारा सेन्सर. आधी एचसी-एसआर०४ लावला होता, टाकीतल्या दमटपणानं त्याच्या जाळीवर दव धरलं आणि आठवड्यात गंज चढून तो गेला. आता जलरोधक जेएसएन-एसआर०४टी, गाडीच्या मागच्या बंपरला असतो तसला. त्याची अडचण वेगळी: वीसेक सेंटिमीटरच्या आतलं त्याला दिसत नाही. टाकी काठोकाठ भरली की तो काहीही आकडे देतो, कधी तर रिकामी म्हणून सांगतो. मोटर त्याच्या भरवशावर सोडली तर टाकी भरल्यावरच चालू व्हायची. झाकणावर पीव्हीसी पाइपचा तुकडा उभा करून सेन्सर वर उचलला.

२७ एप्रिल

काल सगळे अक्कलकोटला. घर बंद, मोटर बंद, सकाळी टाकीच्या बुडाचा कॉकसुद्धा बंद केला होता. आज आलेख पाहिला तर दुपारी बारापासून टाकी भरत गेलेली! चारपर्यंत तीन सेंटिमीटर वर, रात्री पुन्हा होती तिथे. टाकीचा व्यास मीटरभर, म्हणजे वीस-पंचवीस लिटर पाणी कुठून तरी आलं आणि कुठे तरी गेलं.

पोरगा म्हणाला स्वामींची कृपा. मी कागद घेतला.

आवाजाचा हवेतला वेग शून्य अंशाला सेकंदाला सुमारे ३३१ मीटर, आणि दर अंशामागे साधारण ०.६ मीटरनं वाढतो. प्रोग्रॅममध्ये सगळेच ३४३ लिहितात, तो २० अंशांचा आकडा. सोलापुरात एप्रिलच्या दुपारी बाहेर पारा ४२, काळ्या टाकीच्या झाकणाखाली त्याहून जास्त. ४८ धरला तर वेग ३६० होतो. आवाज लवकर परत येतो, बोर्डाला वाटतं पाणी जवळ आहे. ८० सेंमी खरं अंतर असेल तर पहाटे २६ अंशांना ते ७९ दिसतं आणि दुपारी ७६. तीन सेंटिमीटर सापडले.

खूप दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. नुसता दोष सापडला म्हणून नव्हे, आकडा जागच्या जागी बसला म्हणून.

झाकणाच्या आत डीएस१८बी२० तापमापक टांगला, ४.७ किलोओहमचा रेझिस्टर लावला आणि वेग दर वेळी तापमानावरून काढायला लावला. दुपारचा फुगवटा गेला, अर्धा सेंटिमीटर उरला. तापमापक एकाच ठिकाणचं सांगतो. टाकीत वर गरम आणि पाण्याजवळ गार असणारच. तेवढं सोडून दिलं.

११ मे

गच्चीवरचा सर्किटचा डबा मेला. पश्चिमेच्या भिंतीवर, दुपारी दोननंतर थेट ऊन. उघडला तर वीजपुरवठ्याच्या भागातला इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर डोक्यावर फुगलेला, बुडाशी तपकिरी चिकट द्रव. घेऊन दुकानातल्या काकांकडे गेले. काकांचं आयुष्य टीव्ही दुरुस्तीत गेलं, आता एलईडी बल्ब आणि पंखे. त्यांनी चष्मा वर करून कपॅसिटर बघितला आणि पाठीवरचा आकडा दाखवला: ८५ अंश.

"पोरी, हे पुण्यातल्या उन्हाळ्याला ठीक आहे. आपल्या इथं १०५चा घालायचा."

१०५ अंशांचा दिला, पैसे घेतले नाहीत. वर सांगितलं की दहा अंश गरमी कमी केली तर याचं आयुष्य दुप्पट होतं, तेव्हा डबा सावलीत हलव. हा नियम मी वाचलेला होता. काकांनी तो न वाचता गाठला असावा. डबा पूर्वेच्या भिंतीला हलवला, काळ्याऐवजी पांढरा घेतला, मागे भिंतीपासून बोटभर जागा सोडली.

तिथेच एक ड्राय सोल्डर, म्हणजे कच्चा सांधा, सापडलं. टर्मिनलच्या पायाभोवती केसाएवढी गोल चीर. दिवसा तापून पसरायचं, रात्री आकसायचं. टाकीचे आकडे पहाटेच गायब का व्हायचे ते कळलं.

१ जून

मोटर. पाऊण दिवस चांगला गेला. मग रिले, म्हणजे बोर्डाच्या इशाऱ्यावर मोटर चालू-बंद करणारा स्विच, चिकटला.

निळा रिले, पाठीवर १० ॲम्पिअर २५० व्होल्ट छापलेलं. मोटर एक अश्वशक्तीची, चालताना सहा-सात ॲम्पिअर घेते. पण चालू होण्याच्या क्षणी त्याच्या पाच-सहा पट खेचते, आणि ते छापील १० बल्ब-शेगडीच्या साध्या भारासाठी असतात. संपर्काची टोकं ठिणगीनं वितळून एकमेकांना जोडली गेली. बोर्ड म्हणतं बंद, मोटर चालूच, गच्चीवरून पाणी जिन्यात. भर उन्हाळ्यात, चार दिवसांनी येणारं पाणी, गल्लीच्या डोळ्यांदेखत वाहतंय. समोरच्या काकू ओरडल्या, "काय करायलास गं? पाणी चाललंय सगळं!" नवऱ्यानं धावत जाऊन मेन पाडला.

आता रचना बदलली. छोट्या रिलेनं फक्त कॉन्टॅक्टरची (मोठ्या भाराचा दणकट रिले) कॉइल चालवायची, मोटरचा भार कॉन्टॅक्टरवर. कॉइलवर १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरडचा स्नबर, नाहीतर ती तुटतानाचा झटका पुन्हा बोर्डाला हलवतो. आणि टाकीच्या वरच्या काठाला साधा तरंगता स्विच, कॉइलच्या वायरीतच. बोर्ड, प्रोग्रॅम, वायफाय सगळं वेडं झालं तरी टाकी भरली की कॉइल तुटणार. या स्विचला कोणाला विचारायला लागत नाही.

२३० व्होल्टचं सगळं काम वायरमनकडून करून घेतलं, अर्थिंग आणि गळती झाली की तोडणारा ब्रेकर यांच्यासकट. ५ व्होल्टवर धाडस करायला माझी ना नाही. पाण्याच्या मोटरजवळ नको.

२२ जून

पाऊस आला आणि सर्किटच्या डब्यात मुंग्या आल्या. रिलेच्या टोकांवर चिरडलेल्या मुंग्यांचा थर, संपर्क लागेना. केबलचं तोंड खालच्या बाजूला घेतलं, वायरीला डब्याच्या खाली झोळ दिला म्हणजे पाणी तिथूनच टपकतं, भोकं सिलिकॉननं बुजवली. पालीचं एक अंडंही निघालं. ते पोरानं नेलं.

नळाखालच्या डब्याच्या भोकात क्षार साचलाय. डबा रिकामा व्हायला आता वीस मिनिटं लागतात. महिन्यातून एकदा व्हिनेगर आणि टाचणी.

१३ जुलै

मार्च-अखेरपासूनच्या नोंदी एका कागदावर उतरवल्या. पाणी येण्याच्या वेळा वाटल्या तेवढ्या बेभरवशी नाहीत. एका पाळीला रात्रीच्या पहिल्या भागात आलं तर पुढची पाळी बहुधा पहाटेची, मग पुन्हा अलीकडे. चावी सोडणाऱ्या काकांना कागद दाखवला. हसले, म्हणाले, तुमच्या वरच्या भागाला आधी आणि खालच्याला नंतर, पुढच्या पाळीला उलट. हे त्यांना कधीही विचारता आलं असतं, हे खरं. पण हवा सुरू झाल्यापासून धार लागेपर्यंतची मिनिटं त्यांच्याकडेही नव्हती. ती आमच्याकडे बारा ते पंचवीसच्या मधे आहेत, म्हणून आता हवेला एक बारीक टिक आणि पाण्याला मोठी घंटा असं ठेवलंय. टिक ऐकून आई उठतात, चहा टाकतात.

समोरच्या काकूंना घंटा हवी आहे. त्यांच्याकडे वायफाय नाही आणि नोंदीचं कौतुकही नाही. त्यांना डबा, तरंगता स्विच, १२ व्होल्टची बॅटरी आणि घंटा, बस्स. स्विच आहे, घंटा आहे. त्यांच्या नळाची धार मोजून भोकाचं माप काढायचं आहे. डबा त्यांनी त्यांच्या घरचा द्यायचा, हे आधीच सांगून ठेवलंय.